लेकरं जागी ठेवणारी सुंदरा

अंजनगाव सुर्जीकडची बाई हंगामाला अकोल्याच्या कापसाच्या जिनात आली की जुन्या बाया तिला दोन गोष्टी शिकवत. रेच्याला, म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या यंत्राला, कापूस कसा चारायचा, आणि लेकराला गोळी कशी चारायची. गोळी अफूची, बाजरीच्या दाण्याएवढी. सकाळी जिभेवर टेकवली की लेकरू दुपारच्या भोंग्यापर्यंत गोणपाटावर निपचित. आई मोकळी, मुकादम खूश.

सुंदराबाई पहिली गोष्ट झटक्यात शिकली. दुसरी शिकायला तिने साफ नकार दिला.

अठ्ठावन्न सालची दिवाळी नुकती सरली होती. नवरा देवमन प्रेसवर रुईच्या गाठी वाहायचा. थोरला श्रावण गावी आजीपाशी, तान्ही ललिता कडेवर, आणि बिऱ्हाड मोर्णा नदीपलीकडं जुन्या शहरातल्या एका खोलीत. शेजारीण शकुन त्याच जिनातली. तिनं मायेनंच गोळी पुढं केली.

"दे वं. साऱ्याच देतो आमी. माहा पोट्टा पाह्य, कसा शांत हाये."

सुंदरानं पाहिलं. पोराच्या ओठावर माशी बसली होती, आणि ती हाकलावी असं त्याला वाटतच नव्हतं.

"शांत कुठी वं, गुंगीत पडून राहिला तो. मले माही पोरगी जागी पायजे."

"मंग रेचा सोड अन् जाय गावाले."

रेचा सोडणं परवडणारं नव्हतं. गावची वेचणी संक्रांतीला आटपते, जीन होळीपलीकडं चालतं. त्यावरच घर उन्हाळा काढायचं. पण सुंदरानं एक गोष्ट हेरून ठेवली होती. एखादी बाई पाणी प्यायला गेली की शेजारची तेवढा वेळ दोन्ही रेच्यांवर हात चालवते. मग तेच दिवसभर का नाही? मनकर्णा आणि जमुना, दोघी लेकुरवाळ्या, तिच्याच ओळीत होत्या. तिनं त्यांना गाठलं. फाटकाजवळच्या निंबाला तीन झोळ्या बांधायच्या. पाळीपाळीनं एकीनं खाली बसायचं, दोघींनी तीन रेचे खाऊ घालायचे.

मुकादम खुशालराव ऐकून हसले. "अन् रेचा रिकामा फिरला त?"

"त काढा फाटकाबाहेर."

"तिघींलेबी काढीन."

"काढा ना भाऊ. पण पह्यले रिकामा त दिसू द्या."

पहिल्याच सकाळी घोळ झाला. निंबाखाली कोणाचंही लेकरू रडलं की आत त्याच्या आईचे पाय आपोआप दाराकडं वळत. जमुना तर अर्धी ओळ ओलांडून गेली, आणि तिचा रेचा खडखड करत रिकामा फिरायला लागणार तोच सुंदरानं पाटीभर कापूस त्यात लोटला. दुपारच्या भाकरीला तिनं कायदाच केला: आपलं रडलं तरी आपण हलायचं नाही. निंबाखाली जी बसली तीच आई. दूध पाजायची वेळ झाली की ती लेकरू घेऊन दारात येईल.

"अन् तुही ललिता रडली त?" जमुनानं टोमणा मारला.

"त मीबी उभीच राईन."

तासाभरातच ललितानं टाहो फोडला. इतक्या रेच्यांच्या घरघरीतही सुंदराला तो नेमका ऐकू आला. दारात खुशालराव कमरेवर हात ठेवून उभे. सुंदराची छाती दुधानं भरून आली, चोळी ओली झाली, पण हात दोन रेच्यांमध्ये फिरतच राहिले. इकडं ओंजळ, तिकडं ओंजळ. बाहेर मनकर्णा काहीबाही गात होती. हळूहळू टाहोचे हुंदके झाले, हुंदक्यांचं बोबडं बडबडणं. खुशालराव रेच्यांवरून एक नजर फिरवून निघून गेले.

आठवड्याभरानं शकुन आली. मान खाली.

"माह्यालेबी घेता का वं?"

"घेतो. पण गोळी एकदम तोडू नको. आधी अर्धी, मंग पाव. अन् रडन तो लय. तुले उभं राहा लागन."

गोळी सुटली त्या दिवशी शकुन सुंदराच्या शेजारच्या रेच्यावर होती. बाहेरून एक भसाडा, संतापलेला आवाज उठला.

"कोणाचं वं ते?" शकुननं विचारलं.

"तुहंच."

शकुनचा हात हवेत थांबला. वर्षभराचं पोर, पण त्याचा एवढा आवाज तिनं कधी ऐकलाच नव्हता. डोळे भरले तिचे.

"हात चालव बाई," सुंदरा म्हणाली, आणि स्वतःच्या पाटीतला कापूस तिच्या रेच्यात घातला. "रडू दे त्याले."