परात आणि चमचे

जेवताना माणसाचा हात कुठवर भरतो, यावरून त्याची पायरी ठरवणारी माणसं मला पुष्कळ भेटली. त्यांत शिकलेलीच जास्त. बोटांच्या टोकांनी खाणारा सभ्य, तळहात भरवणारा गावंढळ आणि चमच्यानं खाणारा थेट साहेब, अशी त्यांची सोपी वर्गवारी असते. वर्गवारी मलाही आवडते. माझ्या घरात डाळींच्या डब्यांवरसुद्धा चिठ्ठ्या असतात. पण ती करायची तर आधी सगळा माल नीट पाहावा लागतो. ही मंडळी तेवढी तसदी घेत नाहीत.

मी पाहिला होता, कारण मी नांदेडची. गुरुद्वाऱ्यात लंगरला बसलं की रोटी ताटात पडत नाही. दोन्ही हातांची ओंजळ पुढं धरायची, मग वाढणारा ती हातावर ठेवतो. लहानपणी मी एकच हात पुढं केला, तर तो माझ्याकडे बघत नुसता उभा राहिला. आमच्या गल्लीतल्या मुस्लीम शेजाऱ्यांकडे लग्नात एका मोठ्या थाळ्याभोवती आम्ही पोरी बसायचो. घरातली म्हातारी मागून दटावायची, "अपने सामने का खाव बेटी, बोटी ढूंडते नक्को फिरो." देगलूरकडच्या एका तेलुगू मैत्रिणीची आई गरम भातात तेल आणि आंब्याचं लोणचं कालवायची आणि मूठभर गोळा करून प्रत्येकाच्या तळहातावर ठेवायची. त्याला ते मुद्दा म्हणत. ताट कुणालाच नसायचं. आमच्या घरी ज्वारीची भाकरी कालवणात कुस्करायची, आणि कुस्करताना बोटं राखणाऱ्याला आई सरळ म्हणायची, "तुला भूक न्हाई. ऊठ."

प्रत्येक घरी नियम होते आणि कडक होते. गावंढळ त्यांतलं कुणीच नव्हतं.

लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा नव्या कचेऱ्यांना माणसं हवी होती. मी त्यांतल्या एकीत कनिष्ठ लिपिक म्हणून लागले. सरकारी नोकरीत हयात काढलेले वडील मला एसटीत बसवायला आले होते. ते म्हणाले, "टेबल कुठलं बी मिळू दे. दुपारी डबा खायला कुठं बसवतेत ते बघ. कचेरी तिथं चालती. तिथं जागा मिळाली न्हाई तर तू असून नसल्यासारखी." आम्ही बौद्ध. ते हे का सांगत होते, ते मला विचारावं लागलं नाही.

जागा मी पहिल्याच दिवशी पाहून ठेवली. मधल्या खोलीत दोन टेबलं जोडलेली, वर मोठी पितळी परात. सगळ्यांचे डबे तिच्यात रिकामे व्हायचे. कडेनं भाज्या आणि चटण्या, मधे भाकरी-पोळ्यांची चळत. ज्याला जे हवं त्यात त्यानं हात घालायचा. त्या दिवशी मी डबा आणला नव्हता, म्हणून लांबूनच पाहिलं. परात घासून ठेवणारा म्हातारा शिपाई, ज्याला सगळे चाचा म्हणत, मला म्हणाला, "बाई, इथं समदे परातीतच खातेत. उद्या डबा आणा."

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले आणि परात नव्हती. तिच्या जागी स्टीलच्या ताटल्या होत्या आणि कोरे करकरीत चमचे.

ही सुधारणा आमच्या अव्वल कारकुनांची. कचेरीत त्यांना सगळे साहेबच म्हणत. गृहस्थ भाषण चांगलं करत. जयंतीच्या कार्यक्रमात समतेवर बोलायचं म्हटलं की त्यांना आवरावं लागे. ते म्हणाले, "नवा जिल्हा, नवी शिस्त. एकमेकांचे हात अन्नात पडणं आरोग्याला बरं नाही. आपण आता चमच्यानं वाढून घेऊ."

"कालपर्यंत बरं होतं की," टायपिस्ट बाई म्हणाली. ती उदगीरची, बोलायला फटकळ.

"कालचं कालपुरतं," ते म्हणाले.

चमचे सगळ्यांच्या भाज्यांमधून फिरले. माझ्या डब्यात चमचा ठेवला होता, तो तसाच उभा राहिला. "आज पोट जड आहे", "मला वांगं चालत नाही", "उद्या नक्की". वांगं न चालणारा गृहस्थ दुसऱ्याच्या डब्यातलं भरलं वांगं वाढून घेत होता. जातपात उघड पाळणारा माणूस निदान तोंडावर बोलतो. यांनी त्यासाठी भांड्यांचं दुकान गाठलं होतं. मला जागा मिळाली होती, खुर्चीसकट. वडिलांना मी तसं कळवलं.

मग दुष्काळ आला. नळ आठवड्यातून एकदा, तोही गुळणी टाकल्यासारखा. कचेरीचा रांजण टँकरवर अवलंबून. त्यात रोजच्या ताटल्या आणि चमचे. चाचा कुरकुरायला लागला. "साहेब, परात एक होती, मातीनं घासायचो. आता हे समदं कशात धुऊ? प्यायला पानी न्हाई आन चमचे आंघोळ करून राह्यले."

"राखेनं पुसा," साहेब म्हणाले.

मी खोली घेतली होती ती आमच्याच लोकांच्या वस्तीत. तिथल्या हापशाला पाणी टिकून होतं. गावभर हापसे कोरडे पडत गेले तशी आमच्याकडे रांग वाढली. एका सकाळी तिच्यात अव्वल कारकुनांची बायको दिसली; जयंतीच्या कार्यक्रमात आमची ओळख झाली होती. दोन हंडे, डोक्यावर पदर. वस्तीतल्या बाया आळीपाळीनं दांडा मारत आणि एकमेकींची भांडी भरत. ही मात्र म्हणाली, "मी माझं मारते." पाणी खोल गेलेलं. अर्ध्या हंड्यातच तिला धाप लागली.

माझी घरमालकीण दांड्याला हात घालत म्हणाली, "सोडा बाई. पानी खालून येतंय, माझ्या हातातून न्हाई."

रांगेत हशा पिकला. तिनं दांडा सोडला. पुढं ती रोज यायची आणि भांडं लावून बाजूला उभी राहायची. कधी मालकीण दांडा मारायची, कधी मी. मला ओळख दाखवावी असं तिला कधी वाटलं नाही.

टँकर आणखी लांबला तसं एका दुपारी कचेरीत परात परत टेबलावर आली. साहेबांनी मोठ्या मनानं जाहीर केलं, "अडचणीचा काळ आहे. चमचे बंद. या मॅडम, तुम्हीपण घाला हात."

सगळे माझ्याकडे बघत होते. वडिलांनी सांगितलेली जागा ती हीच.

मी विचारलं, "आरोग्य सुधारलं का सगळ्यांचं?"

"म्हणजे?"

"इतके दिवस चमच्यानं खाल्लं, म्हणून विचारते."

"तुम्ही प्रत्येक गोष्ट मनाला लावून घेता बुवा," ते म्हणाले. "अहो, धुवायला पाणी नाही, म्हणून."

"तेच. पाणी आलं की माझा हात पुन्हा रोगट होईल. कशाला सवय लावून घेऊ?"

टायपिस्ट बाई फिसकन हसली. मी डबा उचलला आणि बाहेर व्हरांड्यात गेले. चाचा तिथं पोत्यावर बसून खात होता. रोज ती परात घासणाऱ्या माणसाला तिच्यात हात घालायला कुणी बोलावलं नव्हतं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं.

"काय झालं? झगडा?" त्यानं विचारलं.

"नाही. आत गर्दी आहे."

त्यानं पोतं झटकून पुढं सरकवलं आणि आपला डबा मधे ठेवला. मी माझा शेजारी उघडला. वांगंच होतं. त्यानं भाकरीचा तुकडा मोडून सरळ त्यात बुडवला. "मीठ कम हाय," तो म्हणाला. माझ्या भाजीबद्दल त्या कचेरीत कुणी पहिल्यांदाच काही बोललं होतं.

टायपिस्ट बाई त्या दिवशी आली नाही. चार दिवसांनी आली, भाताचा डबा घेऊन, आणि पाठ मधल्या खोलीकडे करून बसली.

आत कचेरी चालत राहिली. कुणाची बदली, कुणाची रजा, सगळं तिथं ठरायचं आणि मला उशिरा कळायला हवं होतं. पण साहेबांची फाईल घेऊन जाणारा माणूस माझ्यासमोरच जेवायचा, त्यामुळे आतल्यांच्या आधी कळायचं. वडिलांना मी एवढंच कळवलं की दुपारची जागा बदलली, वारा बरा येतो.

हापशावर साहेबांची बायको पावसाळ्यापर्यंत आली. मी तिचे हंडे भरून दिले. त्याच पाण्यात मळलेल्या पोळ्या दुपारी परातीत पडायच्या, आणि साहेब त्या बोटांच्या अगदी टोकांनी, व्यवस्थित खायचे.