दहा मोजेपर्यंत

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे माझा दम्याचा पंप धुणं. आतली औषधाची डबी मी काढून धरली, वरचं प्लास्टिक तिनं परातीत अर्ध्या तांब्या पाण्यानं धुतलं. देवणीकडं तेव्हा दुष्काळ. लातूर जिल्हा नवा झाला होता, पण आमच्याकडं टँकर जुनाच यायचा.

"पंपाला आंघोळ," ती म्हणाली, "अन् मी आठ दिस झाले डोक्यावरून न्हाले न्हाई."

"मग तूबी बस परातीत."

"बसते की. मग पंप दाबायला कुणाला बोलवता?"

पंप परातीत वाळत ठेवून ती टँकरच्या रांगेत गेली. तिथंच घागरीसकट पडली. दवाखान्यात नेईपर्यंत संपली होती.

आमच्यात पुरतात. जमीन इतकी वाळलेली, की कुदळ पडली की धुरळा उठायचा. मला म्हणाले, लांब बसा. मी बसलो नाही. छाती आवळली, शिट्टी वाजायला लागली. खिशातला पंप दाबला तर औषध सगळं जिभेवर. आत काहीच नाही.

इतकी वर्षं तीच दाबायची. लातूरच्या डॉक्टरांनी दोघांना शिकवलं होतं. आधी श्वास सोडा, मग दाबताना हळू ओढा, दहा मोजेपर्यंत धरा, घाबरू नका. मी लई घाबरायचो. म्हणून ती पाठीवर हात ठेवून मोजायची. माहेर बिदरकडचं, मोजायची कानडीत. मी हसायचो. शिकलो मात्र नाही.

भावकीतल्या एकानं तीन-चारदा दाबला, तेव्हा थोडं आत गेलं. तिला माती देताना मला रडू आलं नाही. भीती वाटत होती, ती पण माझ्या जिवाची. सांगायला लाज वाटते, पण हाय ते हाय.

दुसऱ्या दिवशी उजाडताच पुन्हा छाती धरली. भिंतीला पाठ टेकली, जिथं तिचा हात असायचा तेवढीच. सगळा श्वास सोडला, दाबला, हळू ओढला. बोटांवर मोजायला लागलो. ओंदु, एरडु, मूरु, नालकु, ऐदु, आरु. पुढचं आठवेना. मराठीत येत होतं, पण मराठीत मोजलं नाही. परत ओंदुपासून धरलं. नालकुला दहा बोटं भरली.

छाती जराशी सुटली. थांबून दुसऱ्यांदा दाबला. दाराशी कुणीतरी तिची घागर उपडी ठेवली होती. पंप खिशात घातला, घागर उचलली आणि टँकरच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.