ऐन मुहूर्तावर हरवलेला नवरदेव

यशस्वी कंपन्यांचा इतिहास लिहितात, बाकीच्यांचे किस्से सांगतात. आमची कंपनी म्हणजे पुंडलिकनगरातल्या एका फ्लॅटचा हॉल, त्यामुळं आमच्याकडं किस्सेच किस्से! एक सांगायला घ्यावा तर त्याच्या मागं दुसरा उभाच असतो.

आम्ही पॉइंट-अँड-क्लिक गेम बनवतो. त्यात मारामारी नाही की गाड्यांची रेस नाही. चित्रातल्या वस्तूंवर माऊसनं क्लिक करायचं, वस्तू गोळा करायच्या, कोडी सोडवायची. मंगल कार्यालयातून ऐन मुहूर्तावर नवरदेव गायब झालाय आणि कार्यालयाचा मॅनेजर त्याला शोधतोय, एवढीच गोष्ट.

विक्रमभाऊ आमचे बॉस. वाळूजच्या कारखान्यातली पर्मनंट नोकरी सोडून ते यात उतरले. अश्विनी चित्रं काढते, सिल्लोडचा सलीम कोडिंग करतो आणि मी टेस्टर. म्हणजे दिवसभर चुकीच्या ठिकाणी क्लिक करणं, हेच माझं काम.

भाऊंचे वडील, अण्णा, यांनी मुदत दिली होती. "दिवाळीला मी सोता येऊन खेळून बघणार. नवरदेव घावला तर ठीक. नाय घावला तर गपगुमान वाळूजची बस धरायची. सायबाशी बोललोय मी, अजून परत घेतो म्हणला." त्या एका नवरदेवावर आमच्या चौघांचं पोट होतं.

*

पहिल्याच मीटिंगला सलीमनं हात वर केला. "भाऊ, एक बात समजी नहीं. ये मॅनेजर दूल्हे को फोन कायकू नहीं लगाता?"

सगळी गोष्ट, सगळी कोडी, एका फोनमध्ये खलास! भाऊ खिडकीशी जाऊन उभे राहिले. दुपारपर्यंत त्यांनी तोड काढली. गेमच्या सुरुवातीलाच नवरदेवाचा मोबाईल मठ्ठ्याच्या पातेल्यात पडतो.

"फिर दूसरे के फोन से..." सलीम बोलायला लागला.

"सगळ्यांचेच पडले!" भाऊ ओरडले.

आज आमच्या गेममध्ये त्या पातेल्यात अकरा मोबाईल आहेत. मठ्ठा तरीही वाढतात.

*

जिथं क्लिक करावं तिथं मॅनेजर चालत जातो, पण इतका हळू की विचारू नका. एका कॉलेजच्या पोराला खेळायला बसवलं. त्यानं स्टेजवर क्लिक केलं, उठला, किचनमध्ये जाऊन पाण्याची बाटली भरली, परत आला. मॅनेजर अजून गेटच्या कमानीखालीच!

"त्यानं वातावरण तयार व्हतं," भाऊ म्हणाले.

मी अश्विनीला बाजूला घेऊन विचारलं, "ही चाल काढलीस कुणाची बघून?"

"भाऊंचीच. अण्णांचा फोन आला की ते फोनकडं असेच जातात."

*

चित्रांना मात्र नावं ठेवायला जागा नाही. अश्विनीनं पंगत अशी काढलीय की वरणावरची तुपाची धार हलल्यासारखी वाटते. ज्यांना ज्यांना खेळायला दिलं, ते सगळे पंगतीपाशी थांबले. एक गृहस्थ तर खुर्चीतून उठून सरळ जेवायला निघून गेले. आलेच नाहीत!

भाऊंनी लगेच बोर्डावर लिहिलं : 'खेळाडू गुंगून जातो.'

*

याच अश्विनीचा दुसरा पराक्रम. एका कोड्यात गालिच्यावर पडलेली सेफ्टी पिन शोधायची होती. मी सकाळपासून त्या गालिच्यावर क्लिक करतोय. फूल न् फूल, पान न् पान झालं. बोटाला कळ लागली.

"ये गेम नहीं भाई, गालीचा झटकना है," सलीम म्हणाला.

भाऊ चिडले. "सरका! मी दाखवतो." तेही तासभर झटले. शेवटी अश्विनी मागं येऊन उभी राहिली.

"पिन शोधताय व्हय? ती मी पुसली. इतका चांगला गालिचा, म्हटलं कचरा कुणी टाकला!"

*

मग पुण्याहून एक पाहुणे गेम बघायला आले. या धंद्यातले जाणकार होते. त्यांना आवडला असता तर गेम बाजारात आणायला ते मदत करणार होते. भाऊंनी नवीन शर्ट घातला होता.

गेममध्ये नवरदेवाचे मावसे रुसून खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसलेत. त्यांना टॉवेल-टोपीचा आहेर दिला की ते उठतात. पाहुण्यांनी बरोबर ओळखलं आणि टॉवेल-टोपी दिली.

"नको नको, कशाला उगा!" मावसे म्हणाले.

पाहुण्यांनी टॉवेल-टोपी परत गेममधल्या पिशवीत टाकली. मग त्यांना केळी दिली, छत्री दिली, देवाचा पाट दिला, बँडवाल्याची पिपाणीसुद्धा दिली. मावसे हलेनात.

भाऊंना राहवेना. "सर, टॉवेल-टोपीच! पुन्हा द्या. तिसऱ्यांदा घेतेत ते."

"पहिल्यांदा का घेत नाहीत?"

"पहिल्यांदा कोण घेतं? आग्रह नको व्हय करायला?"

पाहुण्यांनी शांतपणे चष्मा काढला. "आमच्याकडे नको म्हटलं की नकोच असतं." आणि भाऊंनी पुढं केलेला चहासुद्धा त्यांनी घेतला नाही. भाऊंनी तीनदा आग्रह केला!

*

आणि दिवाळीला अण्णा आले. फेटा, हातात पिशवी. चहा-पाणी काही नाही, सरळ खुर्चीत बसले. सलीमनं माऊस कसा धरायचा ते दाखवलं. भाऊ भिंतीला टेकून उभे.

या गेममध्ये चुकीच्या वस्तूवर क्लिक केलं की मॅनेजर एक ठरलेलं वाक्य बोलतो. भाऊंनी स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केलेलं. आवाजाला दुसरा माणूस परवडत नव्हता.

अण्णांनी पाण्याच्या पिंपावर क्लिक केलं.

"हे माझं काम नाही," भाऊंचा आवाज आला.

खुर्च्यांच्या ढिगावर केलं. "हे माझं काम नाही."

गॅसच्या सिलिंडरवर, पडलेल्या पताकांवर, रडणाऱ्या पोरावर. "हे माझं काम नाही."

अण्णा एकेका वस्तूवर क्लिक करत राहिले. अश्विनीनं तोंडाला ओढणी लावली. नवरदेव काही सापडला नाही. अण्णांनी माऊस हळूच टेबलावर ठेवला आणि ते भाऊंकडं वळले.

"ह्यो आवाज तुझाच न्हवं?"

"व्हय अण्णा."

अण्णांनी खिशातून मोबाईल काढून सलीमपुढं धरला.

"त्या वाळूजच्या सायबाला लाव. म्हणावं, ह्याला परत घेऊ नगा. तुमचं लई नुकसान व्हईल."