खिशातला हात

“बंद केलं तरी लगीच हात घालायचा न्हाई. आत वीज दबा धरून बसती,” दुरुस्तीवाले काका शेजारच्या पानवाल्याला म्हणाले. माझ्या उघड्या ॲम्प्लिफायरवर वाकलेला पानवाला मागे सरला. मीही सरले.

पूर्णा स्टेशनजवळचं ते दुकान. ॲम्प्लिफायर जेमतेम पाच वॉटचा, घरात हळू गिटार वाजवण्यापुरता. पण त्यातल्या काचेच्या व्हॉल्व्हना शेकडो व्होल्ट लागतात, हे वाचल्यापासून मी त्याचं बटणही भीत भीतच दाबायचे.

घरघर कुठून येते ते शोधायला काकांनी तो चालू केला. उजव्या हातात मीटरची पिन, डावा हात पँटच्या खिशात. मध्येच चहा आला, तोही पिन खाली ठेवून उजव्याच हातानं घेतला.

“सायबावानी खिशात हात घालून काय काम करायलास रे?” पानवाला हसला.

“दोनी हात लागले की करंट काळजातून जातो. ह्यो हात घरी जायला ठिवलाय.”

तेवढ्यात त्याच खिशातला फोन वाजला. बायको होती; तिची पालमची एसटी चुकली होती. बोलून त्यांनी फोन टेबलावर ठेवला, पिन पुन्हा आत घातली आणि मोकळा डावा हात ॲम्प्लिफायरच्या पत्र्याची कड धरायला निघाला.

पानवाला गिऱ्हाइकाकडे वळला होता. शाळेत हजेरी देतानाही माझा आवाज फुटत नसे. काकांची बोटं पत्र्याजवळ पोचत होती.

“काका,” मी म्हणाले, “घरी जायचा हात खिशात ठेवा.”