दाजी आणि चौथा प्लग

दीडशे रुपयांचा एक स्पार्क प्लग मला पडला एक अख्खा रविवार, उजव्या हाताची सालटी आणि एक पांढरा शर्ट.

शर्ट नवा होता. पंचमीसाठी बहिणीला माहेरी आणायला निघालो होतो, म्हणून घातलेला.

आज हा हिशोब आठवला, कारण दहा दिवसांपूर्वी आमचे दाजी गेले.

सकाळी कोल्हारला प्रवरेच्या काठी दहावा झाला. पिंडाला कावळा लगेच शिवला. जेवणाच्या बाबतीत दाजींना कधीच आग्रह करावा लागला नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. थोडी शेती, दोन म्हशी, आणि कुठलंही इंजिन स्वतः खोलायची हौस. खोलायची म्हणतोय. जोडायचं नंतर बघू.

गोष्ट दोन-तीन वर्षांपूर्वीची. आक्काचं माहेरी येणं कितीतरी दिवस लांबत चाललं होतं. दर वेळी काहीतरी निघायचं. म्हैस व्यायला झालीय. चाळीत साठवलेला कांदा विकायचाय. दाजींची कंबर धरलीय.

आई रोज मला विचारायची, "आक्की कधी येतीय रे?" तिचं वय झालेलं. पुढच्या पंचमीचा भरवसा तिचा तिलाच नव्हता.

म्हटलं, फोन बास झाले. मुराळी होऊन आपणच जायचं आणि बहिणीला घेऊनच यायचं.

नगरहून निघालो. राहुरीच्या पुढं गाडी मिसिंग करायला लागली. धक्के खात कोल्हार गाठलं.

आक्का नवी साडी नेसून, गजरा माळून ओट्यावर तयार. म्हशींची सोय जाऊबाईंकडं लावलेली. कांदा विकून झालेला. कंबर ठणठणीत. दाजींकडं कारणच उरलं नव्हतं.

तेवढ्यात माझी गाडी अंगणात येऊन फुरफुरत बंद पडली.

दाजींचा चेहरा उजळला.

"प्लग गेलाय, पाव्हणं."

"गॅरेजला दाखवू का?"

"मी आसताना गॅरेज? लोकं काय म्हनत्याल."

बॉनेट उघडलं. तीन प्लग सुटले, तिन्ही चांगले. चौथा जाम. नेमका तोच खराब असणार. मी स्टँडजवळून नवा प्लग आणून ठेवला.

मग पान्याला पाइप लावून दाजींनी जोर केला. मी केला. पाना निसटला आणि माझी बोटं इंजिनावर खरवडली. शर्ट तिथंच संपला.

प्लगच्या आट्यात डिझेल सोडलं. मुरायला ठेवलं. जेवलो. परत भिडलो.

"जाम आटा आधी जरा आवळायचा, मंग सोडायचा," दाजी म्हणाले. "रागानं निघत न्हाई. आटा गेला की हेड गेलं."

हे खरं आहे. कुठलाही मेकॅनिक हेच सांगेल. म्हणून तर मी परत पाइप धरला.

आवळत-सोडत दुपार कलली. आक्काचा गजरा सुकला. ती मधूनमधून विचारायची, "निघंल का वो?" दाजी बॉनेटमधूनच उत्तर द्यायचे, "यंत्राला घाई चालत न्हाई."

मी सहज म्हणालो, "दाजी, आक्का आमच्याकडं राहिली तर तुमचं कसं होणार?"

"माझं काय आडतंय? भाकरी येतीया मला. म्हैनाभर ठिवून घ्या तिला." मग पाना रोखून म्हणाले, "लगीन झाल्यापासून सासुरवाडीला एक रात मुक्काम केला न्हाई मी. असा जावाई दावा पंचक्रोशीत."

मला कुठून दावता येणार?

चहा झाला म्हणून आक्कानं हाक मारली. "तुमी घ्या, मी बघतो," दाजी म्हणाले. मी आत गेलो.

माझं नगरजवळ भिंगारला भांड्यांचं दुकान आहे. हातगाडीपासून उभं केलंय. पातेल्याला टिचकी मारली की मला चीर कळते. "येतो बघून" म्हणणारं गिऱ्हाईक परत येणार की नाही, ते आवाजावरून कळतं. दुसरं भांडवल मला कधी नव्हतंच.

तर बशी तोंडाला लावली आणि खिडकीतून आवाज आला.

कर्रर्र.

प्लग सुटला.

मी बशी खाली ठेवणार, तोच अंगणात शांतता. मग परत कर्र… कर्र… सावकाश, बेतानं. शेवटी एक दमदार "हूं".

आवळला.

बाहेर आलो तर दाजी कपाळ पुसत उभे. "न्हाई बा. हालतच न्हाई. आज तुमचं जानं काय दिसत न्हाई."

माझ्या ओठावर आलं होतं. पण साठीच्या माणसाला विचारायचं तरी कसं, की बायको जाऊ नये म्हणून प्लग आवळता का?

मी म्हणालो, "दाजी, एक सांगायचं राहिलंच. आईनं तुम्हाला पण घेऊन यायला सांगितलंय. जावई नसतील तर पंचमी कसली, म्हणाली."

आई असं काही म्हणाली नव्हती.

दाजींनी हात पुसले. मग पाना उचलला.

"थांबा. येक डाव बघतो."

पान्याचा एक हिसका, आणि प्लग दोन बोटांनी निघाला.

"बघा," दाजी म्हणाले, "डिझेल मुरायला टाइम लागतो."

नवा प्लग बसला, गाडी सुरू झाली. दाजी पुढच्या सीटवर बसले आणि मला बजावलं, "जेवून लगीच फिरनार हां पाव्हणं. शेवटच्या येष्टीनं."

घरी आल्यावर आक्कानं पिशवी उघडली. वर तिच्या साड्या. खाली दाजींचे शर्ट, लेंगे आणि दाढीचं सामान.

"हे कधी भरलंस?"

"कालच," आक्का म्हणाली, आणि आईजवळ जाऊन बसली.

आज दहावा झाल्यावर मी आक्काला म्हणालो, तेरावा झाला की चल, चार दिवस आईकडं राहा. आता तिला अडवणारं कोणी नाही.

ती म्हणाली, "नगं रं. म्हस व्यायला झालीया."

दाजी, सुखानं जा. मेव्हण्याचा नमस्कार घ्या.

त्या पंचमीला दाजी आमच्याकडून परत गेले ते आक्का निघाली त्या दिवशी, तिच्याच बरोबर.