डॅनीच्या तोंडाला वास नव्हता

डॅनी स्वयंपाकघराच्या लादीवर कोसळला, तेव्हा मी आधी वाकून त्याच्या तोंडाचा वास घेतला. दारूचा वास आला नाही. तरी मी कुणाला हाक मारली नाही, नशेवर उतारा म्हणून लिंबू पिळत बसले... वळून पाहिलं तर त्याच्या एका डोळ्याची बाहुली मोठी झाली होती.

त्याला जाऊन दीड महिना झाला. माझी शाळा चौथीपर्यंतची, तेव्हा सरळच लिहिते. नव्वदच्या सुमारास मी लेकाकडे शारजाला आले आणि तिथंच डॅनीच्या घरी स्वयंपाकाला लागले. तो ऑस्ट्रेलियाचा, तिकडे दहा वर्षं त्यांच्या फुटबॉलमध्ये नाव कमावलेला. तो फुटबॉल आपला नव्हे. चेंडू पपईसारखा लांबट, आणि तो झेलायला माणसं एकमेकांच्या खांद्यावर गुडघे रोवून चढतात. गुडघा डोक्यात बसला तर बसला. दुबईत नोकरी लागली तरी दर शुक्रवारी तो आपल्या गाववाल्यांबरोबर खेळायचाच, चाळिशी उलटली तरी. कपाळाला टाके घालून यायचा आणि म्हणायचा, "मौसी, गेम अच्छा. हेड थोडा खराब."

"उसमें था क्या, खराब होने को?" मी म्हणायची. तो खो खो हसायचा.

गेल्या डिसेंबरअखेर त्याचा पाय अडखळायला लागला, जीभ जड झाली. जेवून उठला की तासाभरात परत ताट मागायचा. शारजात दारूला बंदी. सापडला तर तुरुंग, मग व्हिसा खलास. माझा नवरा दारूनं गेलेला, त्यामुळे यातलं मला सगळं कळतं असं मला वाटायचं. डॅनीच्या बायकोनं विचारलं, "मौसी, डॅनी ड्रिंक?"

"डेली, मॅडम."

ती त्याला दवाखान्यात न्यायला निघाली होती. मीच तिचा हात धरला. "डॉक्टर नो. पोलीस आएगा." ती घाबरून थांबली. तो सोफ्यावरून म्हणत होता, "नो ड्रिंक, मौसी." मी कपाटं उपसली, गाडीची डिकी पाहिली. बाटली मिळाली नाही, तेव्हा म्हटलं, भलताच हुशार झालाय.

तो लादीवर कोसळल्यावर इस्पितळात नेलं, तिथला मल्याळी डॉक्टर हिंदीत बोलला. मार लागून डोक्यात महिनाभर रक्त साकळत होतं, आधी आणलं असतं तर काढता आलं असतं. मला स्वतःची किळस आली. ती अजून गेलेली नाही.

शोकसभेत त्याच्या संघाचा कप्तान बोलला. डिसेंबरात एका सामन्यात गुडघा लागून डॅनी बेशुद्ध पडला, यानं मानेवर बर्फ चोळला, "यल्ला, चलो, डॅनी" म्हणून परत खेळायला धाडला, आणि डॅनी जाऊन दुसऱ्या संघात उभा राहिला. सगळा हॉल हसला. एवढी वर्षं खेळलेल्या माणसाचं यांना एवढंच आठवलं. चहाच्या वेळी मी कप्तानाला गाठलं. "उसको वापस क्यों भेजा?"

"टफ मॅन, मौसी," तो म्हणाला आणि सँडविच खाऊ लागला.

पण त्या शुक्रवारी जेवणाचे डबे घेऊन मीही मैदानावर होते. डॅनी भलत्याच बाजूला जाऊन उभा राहिला, तेव्हा मीही पोट धरून हसले होते. ज्याचा गुडघा लागला तो, बर्फ चोळणारा आणि मी, आम्ही तिघंही धडधाकट आहोत.