कांडी भरताना

नातीच्या झग्याला खळ करताना पेजेचा वास आला आणि मी लहानपणीच्या वडगावात, सुताला पेजेचीच खळ देणाऱ्या कानडी विणकरीण अव्वाच्या मागापाशी पोचले.

आमच्या कंग्राळी गावाहून आम्ही दोघी बहिणी तिथं सुताच्या कांड्या भरायला जायचो. आक्का आठवड्यातच चुकतमाकत, हसत कानडी बोलू लागली. मला चुकलेलं खपायचं नाही. मी वर्षभर नुसती ऐकत राहिले. एकदा अव्वा माझ्यादेखतच शेजारणीला कानडीत म्हणाली, "धाकटीला काही कळत नाही. उद्यापासून नको तिला."

"अव्वा, मला सगळं कळतं. काढू नका मला," मी कानडीतच म्हणाले. माझं पहिलं वाक्य! भरलेली कांडी घालून मागावर फेकायचा धोटा अव्वाच्या हातातच राहिला.

"लई छुपी गं तू!" आक्का ओरडली.

आज सून कुरकुरत होती, "शाळेत पोरगी इंग्रजीचा एक शब्द बोलत न्हाय."

म्हटलं, "ऐकू दे तिला. कांडी भरल्याबिगर कुणी धोट्यात घालतं व्हय?"